दारातल्या चपला

नांदेड, ६ जानेवारी

शिवे,

मामा कधी वारले ते आधी कळव. वार कळव, माती कुठं दिली ते कळव, मग बाकीचं बोलू. सख्खा भाचा हाय मी त्यांचा. इतकं मोठं काम झालं घरात आणि मला दुसऱ्याच्या मोबाइलवर कळावं?

काल दुकानात एका नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करून राहिलो होतो. आमच्या मालकानं तुझी मुलाखत लावली, आवाज मोठा करून. ती अँकर बाई तुला म्हणली, "आज बाबा असते तर काय म्हणाले असते?" तू मान खाली घातली. मग डोळे पुसले. मग कॅमेरा जवळ आला आणि तू बसल्या जागी गाणं सुरू केलंस. "दारात तुमची चप्पल तशीच, बाबा, ऊन आलं तरी मी आत घेतली न्हाई." मालक रडला. ज्या माणसानं स्वतःच्या बापाला वरच्या पत्र्याच्या खोलीत टाकलंय, तो नाक शिंकरून रडला.

गाणं ज्या पिक्चरमधलं, तो आठवड्यात उतरला. तो कुणी पाह्यला न्हाई. पण त्याचं हे गाणं तुझ्या आवाजात ऑटोत वाजतंय, गिरणीत वाजतंय, काल तर विष्णुपुरीच्या गाडीत कंडक्टर गुणगुणत होता. त्याचं मला काय न्हाई. चांगलं गायलीस. पण त्या व्हिडिओखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचलंस का? एक म्हणतो, बाबा स्वर्गातून बघत असतील. एक म्हणतो, मी यांच्या वडिलांना जवळून ओळखत होतो, देवमाणूस. शिवे, तो देवमाणूस परवा मला विचारत होता, नांदेडला तूर काय भावानं चालली.

फोन का केला न्हाई म्हणशील तर केला. तुझा फोन तुझा तो मॅनेजर मन्मथ उचलतो आणि मॅडम रेकॉर्डिंगमध्ये आहेत म्हणतो. मामीला लावला तर रिंगच्या जागी तुझं गाणं. मामाला लावला तर तिथं पण तेच. आधी बाप मेल्याचं गाणं वाजतं, मग बाप उचलतो आणि म्हणतो, "बोल संगू." मला शिसारी आली. फोन ठेवून दिला मी. म्हणून पत्र. कुरियरवाला निदान गात तरी न्हाई.

तुझा आतेभाऊ,
संगमेश्वर


लातूर, १२ जानेवारी

संगूदादा,

पत्र वाचून आधी हसले, मग डोकं सणकलं. मी कुठं म्हणलं अप्पा वारले म्हणून? पुन्हा बघ तो व्हिडिओ. एक शब्द बोलले असेन तर दाखव. पिक्चरमधल्या पोरीचा बाप मेलाय. त्या बाईला कुणी काय सांगितलं देव जाणे. एकदम विचारलं तिनं, मला सुचेना, मी मान खाली घातली. डोळ्यात पाणी आलं ते लाइटनं. गाणं संपलं तर सगळी माणसं उभी. मग काय करायचं होतं मी? थांबा, बसा, आमचे अप्पा जिवंत हायत, उदगीरला दुकानात पेंडीची पोती उतरवून घेऊन राहिलेत, असं सांगायचं होतं?

घरी जाऊन अप्पांसमोर रडले मी. अप्पा म्हणले, "राहू दे की. मला कोण ओळखतंय? दोन महिने मेलो तर काय बिघडतंय." आणि हसले. हे त्यांचे शब्द हायत. विचार.

तुला लिहायला सोपं हाय, दादा. तुझी ती कविता, ज्याच्यात एकाच शब्दाची चार पानं हायत, ती कुणी वाचो न वाचो, तुला फरक पडत न्हाई. मी शाळेत असल्यापासून लग्नात गातेय. नवरदेवाकडचे पंगतीत बसून हात हलवायचे, आवाज कमी कर गं बाई, बोलू दे. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मधेच माइक ओढून घ्यायचे. आता लोक गप बसून ऐकून राहिले. एकच गाणं हाय माझ्याकडं. ते चाललंय तोवर चालू दे. नंतर लोक मला पण विसरतील आणि अप्पा मेले ते पण विसरतील.

आणि मुरुडला आत्याला काही सांगत बसू नको. तिला मोबाइलमधलं काय कळतंय.

शिवानी


नांदेड, २५ जानेवारी

शिवे,

उदगीरला जाऊन आलो. अप्पांना विचार म्हणलीस ना, विचारायलाच गेलो होतो.

गल्लीच्या तोंडाशी शिवप्पाचं हॉटेल. त्यानं बाहेर दोन बाकडे जास्तीचे टाकलेत. मला लांबून ओळखलं न्हाई त्यानं. बाहेरगावचा समजून आपणच सुरू झाला, "गायिकेचं घर का? पुढं, निळं दार. लई चांगला माणूस होता हो. माझ्या मांडीवर जीव सोडला. शेवटी पाणी मागितलं, मीच पाजलं."

मी म्हणलं, "शिवप्पाकाका, मी संगू."

तो थोडा बी लाजला न्हाई. म्हणला, "अरे संगू व्हय. जा, मामा मागच्या खोलीत हाय. चहा देऊ का पाठवून?"

सगळी गल्ली असं बोलून राहिली. ज्यांच्या दुकानात मामा रोज बसतात ते, ज्यांच्या पोरींच्या लग्नात मामांनी भजन म्हणलं ते. होता, होता, होता. एक बाई म्हणली, जाताना तोंडावर तेज होतं. तिला मी चांगला ओळखतो, मामांकडून रोज फुकट सरकी नेते म्हशीला.

दारात चपला. मामांच्याच, त्या करकर वाजणाऱ्या. खाली पाट, वर झेंडूचा हार, शेजारी उदबत्ती. कॉलेजच्या तीन पोरी वाकून पाया पडून व्हिडिओ काढत होत्या. एकीनं पदर नीट करून पुन्हा रडून घेतलं, पहिल्यांदा बरोबर आलं नव्हतं म्हणे. मला किळस आली.

मामा मागं, पोत्यांच्या खोलीत. पायात न्हाणीतली निळी स्लीपर. "दारातली मांडणी मोडायची न्हाई म्हणली शिवू," म्हणले. मला कळेना. मग कळलं. चपला जागच्या हलवायच्या न्हाईत. लोक येतात. म्हणून मामा स्लीपर घालून मागल्या दारानं जातात येतात. मठातल्या भजनाला गेले न्हाईत. दुकानात पुढं बसत न्हाईत. मी विचारलं, "मामा, हे काय चाललंय?" तर म्हणले, "हळू बोल. आवाज बाहेर जातो."

त्या दिवशी टीव्हीवर मामी होती तुझ्यासोबत. तो मोठा कार्यक्रम. मी तिथंच मामांसोबत बसून पाह्यला. मामी आली स्टेजवर. हातात बांगड्या न्हाईत. कपाळ पांढरं. मंगळसूत्र पदराखाली का पेटीत, मला दिसलं न्हाई. आणि माझ्या बाजूला तिचा नवरा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेला. सोलायचा थांबला. नंतर पुन्हा सोलायला लागला.

काय म्हणून सांगितलंस तिला? कुठल्या तोंडानं सांगितलंस, अव्वा, बांगड्या काढ?

संगमेश्वर


लातूर, २ फेब्रुवारी

दादा,

मी सांगितलं न्हाई. ऐक आता. हे कुणाला बोलणार नव्हते.

मेकअपच्या खोलीत बसलो होतो. मन्मथ सर पण काही बोलले नव्हते. ती पावडर लावणारी मुलगी अव्वाला म्हणली, काकू, तुमचं ऐकलं, लई वाईट वाटलं. अव्वा तिच्याकडं बघत राह्यली. मग उठून आरशासमोर गेली आणि एकेक बांगडी काढून माझ्या पर्समध्ये टाकली. मी हात धरला. तर म्हणली, "सोड. आता खोटं पडलीस तर तुझं गाणं खोटं पडंल." कुंकू तिनं स्वतःच्या पदरानं पुसलं. कुंकवाची लाली तशीच राह्यली, ती पावडर लावणाऱ्या मुलीनं झाकली. मी बघत राह्यले. तुला किळस आली म्हणतोस. ते मी जवळून पाह्यलंय. बांगड्या अजून माझ्या पर्समध्ये हायत, काढायला हात जात न्हाई.

आता तुझं. नांदेडच्या कार्यक्रमाला तू आला न्हाईस. का आला न्हाईस ते गेटवर कळलं. गेटवर भला मोठा फ्लेक्स. "लिंगैक्य ईश्वरप्पा यांच्या स्मृतीस अर्पण." अप्पांचा फेट्यातला फोटो. तो फोटो अक्षराच्या लग्नातला हाय, तुझ्या सख्ख्या बहिणीच्या, आणि तो तू काढलास. तुझ्या मोबाइलशिवाय कुणाकडं न्हाई. खाली बारीक अक्षरात तुमच्या दुकानाचं नाव.

मी नुसती मान खाली घातली होती, दादा. हार तू चढवलास.

शिवानी


मुरुड, ८ फेब्रुवारी

शिवे,

फ्लेक्स मी केला. मन्मथनं ऑर्डर दिली, मालक म्हणला, तूच कर, तुझ्या घरचंच हाय. मी केला. त्याच्यावर मला काही बोलायचं न्हाई. पुढचं वाच.

तुझी मुलाखत आईनं पाह्यली होती. तिला पटली नव्हती. म्हणली, नाटक करून राहिली पोरगी, लहानपणापासून सवय हाय. पण फ्लेक्सचा फोटो अक्षराच्या सासूनं पाठवला. फेटा, हार, लिंगैक्य. फोटो खाली ठेवून आई चुलीपाशी जाऊन बसली. अक्षरानं मला फोन केला, मी पहिली गाडी पकडून आलो.

आईनं मला पाह्यलं आणि पहिलं काय विचारलं सांगू? "मातीला मला का बोलावलं न्हाई?" पाठोपाठ विचारलं, "मातीत बसवताना त्याच्या हातावर गळ्यातलं लिंग कुणी ठिवलं?" सख्खी मोठी बहीण हाय ती. मामांना मांडीवर घेऊन वाढवलंय. तिला वाटतंय, घरच्यांनी तिच्या मागं भावाला पुरून टाकला, गायिका झाली म्हणून गरीब आत्या नको झाली.

मी हजारदा सांगितलं. मामा जिवंत हायत. ती म्हणती, "मग सगळं गाव खोटं बोलतंय आणि तू एकटा खरा?"

मामांना फोन लावला. आधी तुझं गाणं वाजलं. आई ऐकत होती. मग मामा बोलले, "सरजाक्का, मी हाय गं. ईश्वर." आईनं मोबाइल कानापासून लांब धरला, त्याच्याकडं पाह्यलं आणि मला म्हणली, "बंद कर. मेलेल्याचा बी आवाज काढतात आता मशीनवर. अक्षराच्या पोरानं दाखवलाय मला."

व्हिडिओ कॉल केला. म्हणली, तसलं बी करतात. बरोबरच हाय तिचं. करतातच.

मग म्हणली, "खरा असंल तर म्हणावं, समोर ये. पाय दाखव. भुताचे उलटे असतात." विनोद नव्हता तो. परवापासून जेवत न्हाई. पाणी घेती, तेवढंच. डॉक्टर आले होते, म्हणले, दुखणं काही न्हाई, पण या वयात असं चालणार न्हाई, लवकर काय ते बघा.

मी मामांना पुन्हा फोन केला, म्हणलं, आजच्या आज या. तर म्हणले, "शिवूला विचारतो." म्हणले, लातूरच्या स्टँडवर माझा फोटो लागलाय, कुणी ओळखलं तर पोरगी खोटी पडंल. साठी उलटलेला माणूस बहिणीला तोंड दाखवायला पोरीची परवानगी मागून राहिला.

दे परवानगी.

संगमेश्वर


लातूर, १२ फेब्रुवारी

दादा,

सोळा तारखेपर्यंत थांब. हात जोडते.

सोळाला नवीन पिक्चरवाले उदगीरला येऊन राहिले. घरी, दारात, चपलांपाशी मी गाते असं घेणार हायत. ते बघून पुढचं गाणं मला द्यायचं का त्या पुण्याच्या मुलीला, ते ठरणार. एक दिवस. त्या दिवशी अप्पा घरात नसले, वाटेत कुणाला दिसले, कुणी फोटो काढला, तर संपलं. गाणं गेलं ते गेलं, वरून बापाला मारून टाळ्या घेणारी म्हणून आयुष्यभर नाव राहील. तूच लिहिशील त्याच्यावर काहीतरी.

सतराला मी स्वतः अप्पांना गाडीत घालून मुरुडला आणते. आत्याच्या पाया पडते. ती मला काय मारायचं ते मारू दे. तोवर तिला समजाव. भात न्हाई तर ताक दे, पेज दे. तिला सांग, शिवी येऊन राहिली.

खरं सांगू? आता गाताना मला रडू येत न्हाई. सुरुवातीला यायचं. मन्मथ सरांनी परवा बामची डबी दिली, डोळ्याखाली बोट फिरवायचं, पाणी येतं. मी ती फेकून देईन म्हणून उचलली आणि पर्समध्ये ठेवली. अव्वाच्या बांगड्यांशेजारी.

सोळापर्यंत.

शिवानी


मुरुड, १४ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र शिवीला न्हाई, तुम्हाला. उदगीरला येणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात देऊन राहिलो, तो तुमच्याच हातात देईल. फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता आणि मागं कुणीतरी चपलांना हात लावू नका म्हणून ओरडतं.

शिवी म्हणती, सतराला आणते. आईला सतरा कळत न्हाई. काल ताक दिलं, ओठाला लावून परत केलं. आज सकाळी तिनं अक्षराला पेटीतून तुमचं धोतर काढायला लावलं. आमचे बाबा असतानाचं, तुम्ही इथं विसरून गेलेलं. ते उशाला घेऊन पडलीय. मला म्हणली, "माझी माती झाली की माहेरचं लुगडं कोण आणणार आता? माहेर तर पुरून टाकलं तुम्ही."

 मला तुमची, तुमच्या पोरीची, शिवप्पाची, माझ्या दुकानाची, सगळ्यांची इतकी किळस आलीय की आईसमोर तोंड उघडलं तर नुसती शिवीच येईल.

तुम्ही मेलात हे तुम्हीच ठरवलंत. निदान मेल्यासारखं मोकळं तरी वागा.

संगमेश्वर


उदगीर, १६ फेब्रुवारी, सकाळ

चि. शिवू,

अनेक आशीर्वाद. हा कागद पाटावर ठिवतो. चपलांच्या जागी. हार हलवला न्हाई, जिथल्या तिथं हाय.

तुझी गाडी नऊला येणार म्हणली अव्वा. मी त्याच्या आधीच निघतो. पुढल्या दारानं. लई दिवस झाले पुढल्या दारानं गेलो न्हाई; मघा कडी काढून बाहेर पडलो. बाहेर दोन पोरं मोबाइल लावून उभी होती. चपला पायात घालताना बघून एकजण म्हणला, "आजोबा, त्याला हात लावू नका, बाबांच्या हायत." मी म्हणलं, "ठाऊक हाय. मलाच चावतात."

शिवप्पा हॉटेलातून पळत आला. पायात चपला नव्हत्या त्याच्या. म्हणला, "ईश्वरप्पा, एक दिवस, शिवू येऊन राहिली, एक दिवस थांब." मी म्हणलं, "तुझ्या मांडीवर मेलोय मी. मेलेला माणूस कुणाचं ऐकत न्हाई." तो तिथंच उभा राह्यला. मी परत आत आलो ते हा कागद लिहायला.

तुझ्यावर राग न्हाई. मीच हो म्हणलो होतो. मला बरं बी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. तुझं गाणं वाजलं की आत पोत्यांवर बसून ऐकायचो, म्हणायचो, माझ्यासाठी रडून राहिली. पण पुढं गल्ली बोलायला लागली, होता, होता. पहिल्या दिवशी हसू आलं. मग एक दिवस मीच तुझ्या अव्वाला म्हणलो, ईश्वरप्पाला कारल्याची भाजी आवडायची. ती माझ्याकडं बघत राह्यली. त्या दिवशी मला माझीच किळस आली.

अव्वा दारात उभी हाय. तुझ्या पाहुण्यांना चहा कोण देईल म्हणती.  आता विचारती, "बांगड्या घालू का?" मी म्हणलं, हे मला विचारू नको. तर कोनाड्यातल्या जुन्या काढून बसलीय, चढंनात, हात सुजलेत. साबण लावून राहिली. आली तर येईल. मी थांबत न्हाई.

गाणं चांगलं हाय. पण दुसऱ्या ओळीत 'ऊन' या शब्दावर तुझा श्वास मोडतो. आधी पुरा घे, मग उचल. मठात शिकवलं होतं तसं. हे सांगायचं राह्यलं होतं, खरंच मेलो असतो तर राहूनच गेलं असतं.

पाहुण्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. मी कुणाला काही सांगायला जात न्हाई. लातूरच्या स्टँडवर माझा फोटो हाय म्हणतात, त्याच्याखाली उभा राहून मुरुडची गाडी बघतो. कुणी काढला फोटो तर काढू दे.

सरजाक्काला पाय दाखवायचेत.

फोन घरी ठिवलाय. गाडी लागली असंल. चाललो.